नाकावरची चुंबळ

चुंबळ म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगावयाची जरुरी नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत. जुन्या लुगड्याचा पट्टा पिळून, वळून केलेली गोल वेटोळी म्हणजे चुंबळ. डोक्यावर घागर घेताना ती मध्ये ठेवायची. डोक्याचा आकार एक, घागरीच्या बुडाचा आकार दुसरा. या दोघांचे सरळ सरळ कधी जमायचे नाही. चुंबळ ही त्यांच्यातली मध्यस्थ. ती थोडे डोक्याचे ऐकते, थोडे घागरीचे ऐकते, आणि पाणी न सांडता घरी पोचते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या बायकांनी किती उन्हाळे या चुंबळीच्या भरवशावर काढले असतील, त्याची गणती नाही. ती झिजून चपटी झाली की घागर डुलू लागते आणि पाणी मानेवरून पाठीवर ओघळते. पण अशा वेळी कोणी शहाणी बाई घागर दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरीत नाही. घरी जाऊन ती दुसरी चुंबळ वळते.

दिवाळीच्या अंकात चकली-चिरोट्यांचे सोडून हे घागर-पुराण कशाला, असे वाचक म्हणतील. कारण असे की, गेल्या काही वर्षांत आमच्या अंबाजोगाईसारख्या गावातही चारचौघांच्या घरी, उशाशी, पाण्याच्या तांब्याशेजारी एक लहानशी पेटी दिसू लागली आहे. तिच्यातून एक लवचीक नळी निघते आणि ती झोपणाराच्या नाकावरच्या मास्कला जाऊन मिळते. या पेटीला सीपॅप म्हणतात. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्यासाठी ती असते. आणि या सगळ्या सरंजामात, पन्नास हजारांच्या घरात जाणाऱ्या त्या यंत्रात, सगळ्यांत हलकी, सगळ्यांत मऊ आणि सगळ्यांत आधी झिजणारी जी वस्तू असते, ती म्हणजे नाक आणि मास्क यांच्या मधली चुंबळ.

तिला कंपनीवाले कुशन म्हणतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे मी या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याचा यथाशक्ती प्रयत्न करून पाहिला. उशी म्हणावे तर ती डोक्याखाली असते. गादी म्हणावे तर तिच्यावर शेटजी बसतात. लोड-तक्क्यांचा तर प्रश्नच नाही. चुंबळ हाच शब्द कामाला चोख बसतो. पण दुकानदाराला फोन करून ‘एक चुंबळ पाठवा’ म्हटले तर तो काय पाठवील याचा नेम नाही. तेव्हा व्यवहारात कुशन म्हणावे आणि मनात चुंबळ समजावे.

आजार काय, तेही थोडक्यात सांगतो. झोप लागली की आपले सारे स्नायू सैल पडतात. घशाचेही पडतात. काही जणांचा घसा मुळात अरुंद असतो, काहींच्या गळ्याभोवती चरबी जमलेली असते, कोणाची हनुवटी मागे असते. अशांचा घसा झोपेत मिटतो. छाती वर-खाली होण्याची खटपट करीत असते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहूनही अधिक. मग मेंदू घाबरून माणसाला ढोसतो. तो मोठा घुरकारा टाकून एक श्वास घेतो आणि पुन्हा झोपी जातो. असे तासाला पाचपेक्षा कमी वेळा झाले तर डॉक्टर मनावर घेत नाहीत. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम, आणि तिसाच्या वर म्हणजे तीव्र. माणूस सकाळी उठतो तो शिणलेला. दिवसभर पेंगतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. गाडी चालवताना डुलकी लागली तर काय होते, ते वेगळे सांगावयास नको.

पण या आजाराची खरी खोड निराळीच आहे. ज्याला तो असतो, त्याला तो कळत नाही. पोट दुखले तर पोटवाल्याला कळते, दात ठणकला तर दातवाल्याला कळते. येथे मात्र रोगी झोपलेला आणि साक्षीदार जागा. हा साक्षीदार म्हणजे बहुधा घरची बायको.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध केले. शंभरांत सुमारे साडेएकोणीस जणांचा श्वास झोपेत अडखळत होता, आणि साडेसात जणांना त्यापायी दिवसाही झोपेचा त्रास होता. ही कोणी खाटेला खिळलेली माणसे नव्हती. तुमच्या-माझ्यासारखी हिंडती-फिरती माणसे होती. पुढे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांत याच आजाराचे, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचे, नाव घेतले आणि वर्तमानपत्रे वाचणाऱ्या घराघरांत हा शब्द पोचला. तोवर आपल्याकडे घोरणे ही चेष्टेची बाब होती. लग्नाच्या मांडवात घोरणाऱ्या पाहुण्याच्या नाकाला पोरे सुतळी लावीत आणि मोठी माणसे हसत.

आता चुंबळीकडे वळतो. आमच्या शेजारी एक निवृत्त अव्वल कारकून राहतात. सारी आळी त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणतो. तहसील कचेरीत तीस वर्षे काढल्यामुळे वस्तू पुरवून वापरण्याची त्यांना सवय आहे, आणि तिचा त्यांना अभिमानही आहे. टाचण्या सरळ करून पुन्हा वापरणारा हा माणूस. तीन वर्षांपूर्वी पुण्याला त्यांची झोपेची तपासणी झाली. एक रात्र अंगाला तारा जोडून झोपायचे, अशी ती तपासणी असते. तासाला चव्वेचाळीस वेळा श्वास अडतो असे निघाले आणि मुलाने यंत्र घेऊन दिले. पहिल्या महिन्यातच काकांचे पेंगणे थांबले. सकाळी सहाला योगेश्वरीच्या देवळापर्यंत पायी जाऊ लागले. काकूंनी त्या पेटीला हळदकुंकू वाहिले.

यंदाच्या उन्हाळ्यात काकू एकदा अंगणातून म्हणाल्या, “सर, यांचे पुन्हा सुरू झाले बघा.”

“काय सुरू झाले?”

“घोरणे. आणि मध्येच बंद पडणे. काल रात्री मी घड्याळाकडे बघत मोजले. पंचविसापर्यंत मोजले आणि मग हलवून उठवले. हे म्हणतात, तुला भास होतात.”

काका ओट्यावर पेपर वाचत होते. ते वर न बघता म्हणाले, “यंत्र उत्तम चालू आहे. रात्रभर चालू असते. विजेचे बिल बघा.”

काकांचे म्हणणे खोटे नव्हते. यंत्र चालूच होते. मास्क लावलेला होता. पण कुशन तीन वर्षांत एकदाही बदललेले नव्हते. मी ते हातात घेतले. नवे असते तेव्हा हे सिलिकोन दुधाच्या सायीसारखे मऊ आणि काचेसारखे स्वच्छ असते. हे पिवळे पडले होते, धुतल्यावरही बोटाला चिकट लागत होते, आणि नाकाच्या दांड्याशी त्याच्या पातळ कडेला नखाएवढी चीर गेली होती. काकांनी ती पाहिली होती. पाहून त्यांनी काय केले असावे? ते कुशन खिशात घालून पंक्चरच्या दुकानात गेले होते! सायकलवाल्या पोराने ते उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, “काका, हे कशाचे आहे?” काकांनी सांगितले. पोरगा म्हणाला, “मग मी नाही लावत सोल्युशन. रात्रभर त्याचाच वास छातीत घेत बसाल.” त्या पोराचे मला फार कौतुक वाटले. मग काकांनी आपला नेहमीचा उपाय केला. पट्टे आणखी आवळले.

पट्टे आवळल्याने काय होते, हे समजण्यासाठी या वस्तूची घडण पाहिली पाहिजे. बहुतेक कुशने दुपदरी असतात. आतला पदर जरा जाड, तो आकार धरून ठेवतो. बाहेरचा पदर अगदी पातळ, तोंडाशी वळलेला. यंत्र सुरू झाले की आतल्या हवेनेच हा पातळ पदर फुगतो आणि नाकाभोवतीच्या खाचाखोचांत जाऊन बसतो. म्हणजे हवेला अडवण्याचे काम हवाच करते; पट्ट्यांनी नुसते मास्कला जागेवर ठेवायचे असते. पट्टे करकचून ओढले तर तो पातळ पदर चेपतो, त्याचे फुगणे थांबते आणि गळती कमी होण्याऐवजी वाढते. शिवाय नाकाच्या दांड्यावर वळ उठतो, पुढे तेथे जखम होते, आणि जखम झाली की माणूस मास्क खुंटीला टांगून ठेवतो. काकांच्या नाकावर तांबडा वळ होताच. काकूंना वाटत होते चष्म्याचा आहे.

आता गळाली थोडी हवा, तर बिघडले कोठे? बिघडते ते असे. घसा उघडा राहतो तो हवेच्या दाबाने. हा दाब फार मोठा नसतो. पाण्याच्या चार ते वीस सेंटिमीटर उंचीइतका. पेल्यातल्या पाण्यात नळी दहा सेंटिमीटर बुडवून फुंकर घातली आणि बुडबुडा निघाला की दहा सेंटिमीटरचा दाब झाला. एवढ्याशा दाबावर माणसाचा श्वास तोललेला असतो. फटीतून हवा निसटली की घशापर्यंत पुरेसा दाब पोचत नाही. यंत्र घुं घुं करीत राहते, बिल येत राहते, आणि घसा पहिल्यासारखा मिटू लागतो. काकूंनी मोजलेले पंचवीस ते हेच. फट वरच्या बाजूला असेल तर हवा डोळ्यांत जाते आणि सकाळी डोळे कोरडे, लाल होतात. ही खूणही काकांना होती. त्यावर ते गुलाबपाणी घालीत होते.

आमच्या गावाला श्वासाची चर्चा नवीन नाही. मुकुंदराजांची समाधी येथे आहे आणि दासोपंतही येथलेच. पण नाकातून वारा सोडून माणूस जगवण्याची ही युक्ती आली ती ऑस्ट्रेलियातून. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली ती प्रथम करून पाहिली आणि १९८१ साली पाच रोग्यांचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापला. त्यापूर्वी आजार विकोपाला गेला की गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणे, हाच खात्रीचा इलाज होता. सलिव्हनसाहेबांचे पहिले यंत्र म्हणजे उलट्या दिशेने वारा सोडणारी घरसफाईच्या यंत्राची मोटार. पण मोटारीपेक्षा त्यांना मास्कनेच जास्त छळले. प्रत्येक रोग्याच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून मास्क बनवायचा आणि रोज रात्री तो ओल्या सिलिकोनने चेहऱ्याला चक्क चिकटवायचा. सकाळी सोलून काढायचा! कल्पना करा, रोज रात्री अंथरुणावर पडण्यापूर्वी बायको नवऱ्याच्या नाकाला लांबी लावते आहे. तरीही ती माणसे हे करीत, कारण झोप म्हणजे काय ते त्यांना कित्येक वर्षांनी कळले होते. पुढे १९९०च्या दशकात हवेने फुगणारी पातळ पदराची कुशने आली आणि चिकटवण्याची यातायात संपली. आज जे हजार-दोन हजारांना मिळते आणि ज्याला आपण ‘एवढेसे रबर’ म्हणतो, ते घडण्यास दहा वर्षे लागली.

हे रबर खराब होते ते मुख्यतः आपल्याच चेहऱ्याने. सिलिकोन पाण्याला दाद देत नाही, पण तेलाला भुलते. कातडीतून रात्रभर जे तेल आणि घाम सुटतो, तो त्यात हळूहळू मुरतो. मग ते पिवळे पडते, चिकट होते, त्याची लवचीकता जाते. आणि आता तर दिवाळी आली. नरकचतुर्दशीला पहाटे अंगभर तेल चोपडायचे, उटणे लावायचे, सासुरवाडीला गेलेल्या जावयाला तर सासू कानात तेल घातल्याशिवाय सोडणार नाही. थंडी पडली की नाकाला व्हॅसलीन, गालाला कोल्ड क्रीम. हे सारे करावे. पण रात्री मास्क लावण्यापूर्वी चेहरा साबणाने धुऊन कोरडा करावा. वळ उठला म्हणून कुशनखाली व्हॅसलीन लावणारे महाभाग मला माहीत आहेत. त्याने मास्क घसरतो आणि कुशनही लवकर जाते. मिशा असणारांनी त्या राखाव्यात की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण राठ मिशीवर कुशन नीट बसत नाही.

धुण्याचे म्हणाल तर रोज सकाळी धुवावे. कुशन मास्कपासून सुटे करावे, कोमट पाण्यात साधा, बिनवासाचा साबण घेऊन बोटांनी हलके चोळावे, स्वच्छ पाण्याने खळबळावे आणि सावलीत वाळवावे. दोन मिनिटांचे काम आहे. भांड्याची घासणी लावू नये, डेटॉल नको, स्पिरिट नको, कपड्यांचे ब्लीच तर मुळीच नको. गच्चीवर उन्हात टाकू नये. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात कुरड्या वाळतात, सिलिकोनची मात्र वाट लागते. बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरे डाग धरतात, म्हणून शेवटचे पाणी पिण्याचे घ्यावे. मास्कच्या सांगाड्याला मोठी बारीक भोके असतात, तीही त्याच वेळी उजेडापुढे धरून पाहावीत. या भोकांतून हवा बाहेर पडते ती गळती नव्हे. आपला उच्छ्वास तेथूनच बाहेर जातो. एका गृहस्थांनी ‘येथून वारा जातो’ म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावल्याचे मी ऐकले आहे. असे प्राणावर बेतणारे काम कोणी करू नये. तसेच वीज गेली की मास्क काढून ठेवावा. परळीचे औष्णिक केंद्र आमच्याच जिल्ह्यात आहे, पण त्यामुळे आमची वीज जात नाही असे नाही.

बदलावे केव्हा? अमेरिकेत मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. ती नाकाच्या मास्कची कुशने महिन्याला दोनपर्यंत देते. हा आकडा ऐकून काकांना घाम फुटला. पण तो विम्याने किती पैसे द्यावेत याचा आकडा आहे. कुशन पंधरा दिवसांत मरतेच असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे पैसे स्वतःच्या खिशातून जातात, म्हणून आपण दुसऱ्या टोकाला जातो आणि फाटेपर्यंत वापरतो. माझ्या मते मध्यममार्ग हा, की डोळ्यांनी आणि बोटांनी ठरवावे, आणि बोटांना नमुना असावा म्हणून एक नवे कुशन पिशवी न फोडता घरात ठेवावे. महिन्यातून एकदा दोन्ही शेजारी-शेजारी धरावीत. जुने धुतल्यावरही चिकट लागत असेल, ढगाळ दिसत असेल, दाबून सोडल्यावर झटकन वर येत नसेल, कडेला चीर किंवा चुणी असेल, किंवा गेल्या महिन्यापेक्षा पट्टा एक घर पुढे ओढावा लागत असेल, तर त्याचे दिवस भरले. बऱ्याच यंत्रांवर रात्रीच्या गळतीचा आकडाही सकाळी दिसतो. एका कंपनीच्या यंत्रात मिनिटाला चोवीस लिटरपर्यंत गळती चालते असे मानतात. काही यंत्रे आकड्याऐवजी हसरा किंवा रडका चेहरा दाखवतात. काकांचे यंत्र गेले चार महिने रडके तोंड करून होते. काकांना वाटले, ती कंपनीची खूण आहे.

एका गोष्टीचे मला राहून राहून नवल वाटते. आपली मध्यमवर्गीय घरे या बाबतीत मुळीच अडाणी नाहीत. कुकरची शिटी होईना झाली तर कोणती गृहिणी झाकणावर वरवंटा ठेवते? ती आतली रबरी रिंग काढते, बघते, आणि संध्याकाळी बाजारातून नवी आणवते. नळ ठिबकू लागला की प्लंबर वायसर बदलतो. नाकाच्या बाबतीतच आपण झाकण दाबत बसतो. कुकरची वाफ सगळ्यांना दिसते आणि वरण कच्चे राहिले तर सगळी पंगत बोलते. येथे ज्याचे नुकसान होते तो झोपलेला असतो, आणि जी बोलते तिला भास होतात.

म्हणून माझे म्हणणे असे, की कुशन कधी बदलायचे हा निर्णय ज्याच्या नाकावर ते असते त्याच्यावर सोपवूच नये. तो घरातल्या दुसऱ्या माणसाने घ्यावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे, गॅसचे सिलिंडर लावल्याची तारीख, मोलकरणीच्या सुट्या लिहिलेल्या असतातच. तेथेच नवे कुशन लावल्याची तारीख लिहावी. घोरणे परत सुरू झाले, सकाळी डोके जड होऊ लागले, दुपारी जेवताना मान खाली जाऊ लागली, तर त्या चौकोनात तेही टिपावे. नवे कुशन लावूनही हे थांबले नाही, तर डॉक्टरकडे जावे. वजन बदलले, वय वाढले की लागणारा दाबही बदलतो. ते काम शेजाऱ्याचे नव्हे. मास्कला लोहचुंबकाच्या चापा असतील, आणि तो लावणाऱ्याच्या किंवा त्याच बिछान्यात झोपणाऱ्याच्या छातीत पेसमेकर असेल, तरीही डॉक्टरांना विचारावे. चुंबक त्यापासून निदान सहा इंच दूर राहावयास हवा, असा इशारा कंपन्यांनीच दिलेला आहे.

काकांचे नवे कुशन पुण्याहून कुरिअरने तिसऱ्या दिवशी आले. ते लावण्याची रीत अशी, की आडवे पडून, यंत्र सुरू करून, मास्क नाकापासून जरा पुढे ओढावा, कुशन फुगू द्यावे आणि मग अलगद बसू द्यावे. पट्ट्याखाली दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. काकांनी हे सगळे कचेरीतल्या परिपत्रकाप्रमाणे केले. त्या रात्री दोन वाजता काकू दचकून जाग्या झाल्या. काहीच ऐकू येत नव्हते. त्यांनी अंधारात काकांच्या पोटावर हात ठेवला. पोट सावकाश वर येत होते, सावकाश खाली जात होते. त्यांनी पुन्हा मोजले. चार-चार सेकंदांनी एक श्वास. मग त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या, असे त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या घरी सांगितले. काका पेपरामागून म्हणाले, “हिची झोपमोड करण्यासाठी मी दोन हजार रुपये खर्च केले.”

मागवताना एकच दक्षता घ्यावी. एका कंपनीचे कुशन दुसरीच्या सांगाड्यात बसत नाही, आणि एकाच कंपनीच्या दोन मास्कांचेही कधी कधी जमत नाही. म्हणून मास्कचे पूर्ण नाव आणि कुशनवर बारीक अक्षरांत छापलेला आकार, लहान, मध्यम की मोठा, हे दोन्ही कागदावर उतरवून घ्यावे. त्या अक्षरांना भिंग लागते. स्वस्तात मिळते म्हणून कोणाचे वापरलेले घेऊ नये. आणि दिवाळीत गावोगाव जाणाऱ्यांनी मास्क कडक डब्यात घालून न्यावा. चिवड्याच्या डब्याखाली दबला तर त्याला पडलेली चुणी सहजासहजी जात नाही.

काकूंचे भाऊ पुण्याला असतात. भाऊबीजेला येताना ओवाळणी काय आणू, असे त्यांनी परवा फोनवर विचारले. दरवर्षी काकू साडीचा रंग सांगतात. यंदा त्यांनी चष्मा लावला, भिंग घेतले आणि कुशनवरची अक्षरे एकेक करून भावाला वाचून दाखवली. “दोन आण,” त्या म्हणाल्या, “एक लावायला आणि एक कपाटात ठेवायला.”